सिस्टर मदिना रजेवर जात नाहीत

१ डिसेंबर १९६३, रविवार

आजपासून रोजनिशी. कारण असं, की काल राउंड संपल्यावर डॉक्टर शितोळे म्हणाले, सिस्टर मदिना, तुम्ही फार दमलेल्या दिसता, पंधरा दिवस रजा घ्या आणि शिरूरला आईकडे जाऊन या. मी नुसती हसले. नंतर सिंधू म्हणाली, सिस्टर, तुम्ही डॉक्टरांवर डोळे का वटारत होता? म्हणजे हसणं नीट जमलं नसावं. उजेड कमी होता.

मी दमलेली नाही. हे कुठेतरी लिहून ठेवावं म्हणून ही वही. दौंडच्या या धर्मादाय हॉस्पिटलात ॲक्सिडेंट वॉर्ड माझ्याकडे आला त्याला पुष्कळ वर्षं झाली. एका बाजूला रेल्वेचं यार्ड, दुसऱ्या बाजूला पुणे-सोलापूर रस्ता, आणि थंडीत गुऱ्हाळं सुरू झाली की चरकात गेलेले हात. माणसं मोडून येतात, आम्ही जोडतो. जोडता येतील तेवढी. यात दमण्यासारखं काय आहे? वॉर्डबॉय भैरू माझ्याहून म्हातारा, तोही दमत नाही. (तो ड्रेसिंगच्या खोलीत झोपा काढतो, ती गोष्ट वेगळी.)

दमलीय ती सिंधू. नवी स्टाफ नर्स. ट्रेनिंग संपून वर्ष नाही झालं आणि प्रत्येक पेशंटसाठी रडते. चादरींच्या खोलीत जाऊन रडते आणि धुतलेल्या चादरीला तोंड पुसते. तिला कणखर करायचं, हा या सीझनचा संकल्प. शिवाय वेळेवर जेवायचं, नऊला झोपायचं, नातेवाइकांवर ओरडायचं नाही.

२ डिसेंबर

नऊला झोपले. म्हणजे पडले. नुसतं पडून राहिलं तरी शरीराला तेवढाच आराम मिळतो, असं कुठेतरी वाचलंय.

नातेवाइकांवर ओरडले नाही. भैरूवर ओरडले. तो नातेवाईक नाही.

५ डिसेंबर

खुटबावचे गेणबा आले. पाटसच्या अलीकडे ट्रकनं त्यांच्या बैलगाडीला मागून ठोकलं. डाव्या नडगीचं हाड मोडून बाहेर आलेलं, जखमेत माती आणि कडबा. साठीचा माणूस, धनगर. पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायचे, आता शेती. ओरडले नाहीत. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, माझं बैल कसं हायती? मी म्हटलं, आबा, इथे बैलांचा वॉर्ड नाही. टेबलाभोवतीचे सगळे गप्प झाले. मला वाटलं होतं, हसतील.

त्यांची बायको रतनबाई दाराशी बसली होती. तिनं हळूच सांगितलं, एक बैल जागीच गेला, पर त्यास्नी आत्ताच सांगू नगा बाई. मी म्हटलं, काळजी करू नका. अशा गोष्टी सांभाळणं हेच तर आमचं काम.

९ डिसेंबर

चहात साखरेऐवजी मीठ पडलं. तसाच प्यायले. घसा साफ झाला.

पेशंटना नावानं हाक मारायचं बंद केलं आहे. खाटेचा नंबर पुरतो. नाव लक्षात ठेवायचं, मग ते पुसायचं, त्यात डोकं फार खर्च होतं. सिंधूला ही पद्धत समजावून सांगितली. ती म्हणाली, सात नंबर कालपर्यंत चार नंबर होते, मग त्यांना काय म्हणायचं? मुलगी वाद फार घालते.

१४ डिसेंबर

गेणबांचं ड्रेसिंग करताना ते बोलत होते. पाय बरा झाला की बैलांना घेऊन ऊस ओढायचा, धाकल्या बैलाला उजवी बाजू मानवत न्हाई, असलं काहीतरी. मी जखमेत बघत होते. पू कमी झाला होता. मी म्हटलं, आता एकच बैल राहिला ना, कुठल्याही बाजूला जुंपा.

 त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. जेवले नाहीत. रतनबाईनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

कधीतरी कळणारच होतं. पेशंटपासून सत्य लपवू नये, हे पुस्तकातही आहे. रतनबाईला तसं सांगितलं. ती म्हणाली, व्हय बाई, आन् उठून बाहेर गेली.

१७ डिसेंबर

सकाळी यार्डातून जालिंदर नावाचा पोरगा आणला. चोवीस-पंचविशीचा. शंटिंग करताना दोन वॅगनच्या मध्ये सापडला. पुण्याला हलवण्याइतकाही वेळ नव्हता. डॉक्टर होते, सिंधू होती. शेवटी त्याचा हात माझ्या हातात होता. दुपारच्या आत गेला.

सगळं आवरून जेवायला बसले. बटाट्याची भाजी होती, चांगली झाली होती. दोन चपात्या खाल्ल्या. सिंधूनं डबा उघडला नाही. मी तिला म्हटलं, हे बघ, याला अनुभव म्हणतात. आत काही म्हणजे काही हललं नाही. मी स्वतः तपासून पाहिलं. जालिंदरचा चेहरा मुद्दाम आठवून पाहिला; काही नाही. सगळं स्वच्छ. पूर्वी मी पण अशा वेळी जेवायची नाही. प्रगती आहे.

१८ डिसेंबर

जालिंदरची आई अनसाबाई आली. भिगवणकडची. रडून रडून आवाज बसलेला. मला म्हणाली, तुमीच व्हता म्हनं त्याच्यापाशी. शेवटाला काय बोललं माझं लेकरू?

तो बोलला होता. माझ्याकडे बघून बोलला होता, एकदा नाही, दोन-तीनदा. मी त्याच्या तोंडाजवळ कान नेला होता हेही आठवतं. काय बोलला ते आठवेना. कालचीच गोष्ट. मी उभी राहिले आणि आठवत राहिले आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मग म्हटलं, तुमची आठवण काढली. आई म्हणाला.

तिनं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

याला खोटं म्हणत नाहीत. याला नर्सिंग म्हणतात. आणि आई म्हणाला नसेल कशावरून? बहुतेक तेच म्हणाला असणार. सगळे तेच म्हणतात.

१९ डिसेंबर

काय बोलला असेल?

२४ डिसेंबर

सिंधू पुन्हा चादरींच्या खोलीत. मी आत जाऊन स्पष्ट सांगितलं, रडायचं असेल तर ड्युटी सुटल्यावर. ती नाक पुसत म्हणाली, सिस्टर, तुम्ही शेवटचं कधी रडलात? मी विचार केला. अब्बा गेले तेव्हा? नाही, तेव्हा तर वॉर्डात घाई होती, बस अपघात झाला होता. त्याच्या आधी? आठवेना. अभिमानानं सांगितलं, आठवत नाही. वाटलं, हिला काही शिकायला मिळेल. ती तर आणखीनच रडायला लागली, आणि माझ्या दंडाला धरून.

या मुलीचं कठीण आहे.

१ जानेवारी १९६४

नवीन वर्ष. डॉक्टरांनी पुन्हा रजेचा विषय काढला. त्यांच्या समाधानासाठी जायचं ठरवलं आहे. परवाची एसटी. अम्मीला निरोप पाठवला. आठ दिवसांत परत. सिंधूला सगळ्या सूचना दिल्या. त्या देताना आवाज थोडा चढला, पण सूचना महत्त्वाच्या होत्या.

३ जानेवारी

निघाले. स्टँडवर पोचले. बस लागलेली होती, खिडकीची जागाही धरली होती. तेवढ्यात समोरून एक ट्रक गेला, मागे चटईवर माणूस झोपवलेला, दोघं त्याला धरून. ट्रक हॉस्पिटलच्या रस्त्याला वळला. आता अशा वेळी कोण बसून राहील? ट्रंक कंडक्टरला खाली काढायला लावली आणि टांग्यानं परत आले.

पोचले तर पेशंट टेबलावर, सलाईन लावलेलं, सिंधूनं रक्त थांबवलेलं, डॉक्टर टाके घालत होते. मला बघून सगळे थबकले. मी काय करायचं, ते कुणी सांगेना. मग गॉजचे तुकडे मोजत बसले. बरोबर होते.

पण समजा नसते तर?

८ जानेवारी

गेणबा परत बोलायला लागले आहेत. मी बैलाबद्दल काही म्हटलं नाही, त्यांनीही काढलं नाही. आज ताप बघायला गेले तर म्हणाले, बाई, एक इचारू का? तुमी कवा जेवता? मी म्हटलं, वेळेवर. म्हणाले, न्हाई. मी हितं पडून समदं बघतोय. मेंढरानं रवंथ करायचं सोडलं ना बाई, की आमी त्याला कळपातनं येगळं काढायचो. चालतंय म्हनून बरं हाय, असं न्हाई समजायचो.

मला मेंढरू म्हणाले! नर्सेस कौन्सिलचं सर्टिफिकेट असलेल्या बाईला. रतनबाई पदराआड हसत होती. मी थर्मामीटर झटकून निघून आले. नंतर लक्षात आलं, ताप बघायचा राहिला. सिंधूला पाठवलं.

१७ जानेवारी

आज पहिला रोजा. एक बरं झालं. आता महिनाभर कुणी विचारणार नाही, सिस्टर जेवलात का म्हणून.

१९ जानेवारी

गुऱ्हाळावरचा एक. उजवा हात कोपरापर्यंत. ड्रेसिंग केलं. पाच नंबर.

२२ जानेवारी

गेणबांची जखम भरली. डॉक्टरांनी आज पूर्ण प्लास्टर घातलं, बोटांपासून मांडीपर्यंत. मी हाताखाली होते. सुंदर प्लास्टर. आता महिना-दीड महिना या खाटेकडे बघायला नको. मनातल्या मनात ती खाट पुसून टाकली.

२३ जानेवारी

दुपारपासून गेणबांची कुरकुर. पाय ठणकतोय म्हणे. सांगितलं, प्लास्टर नवीन आहे, ठणकणार. संध्याकाळी पुन्हा. मुंग्या येतात म्हणे. सांगितलं, येणार. रतनबाई तीनदा उठून माझ्या टेबलापाशी आली. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, बाई, या वॉर्डात अठरा माणसं आहेत, सगळ्यांचे पाय ठणकतात.

ओरडले नाही. अगदी शांतपणे म्हटलं. संकल्प पाळला.

२४ जानेवारी, सकाळी

गेणबा गप्प झाले आहेत. आता काय कळतच न्हाई पायात, म्हणाले. मी म्हटलं, बघा, थांबलं ना ठणकणं? माझं बरोबर होतं.

२४ जानेवारी, दुपारी

सिंधू मला न विचारता डॉक्टरांना घेऊन आली. क्वार्टरवरून, जेवणावरून उठवून. मी टेबलाशीच होते. ती सरळ माझ्यासमोरून त्यांना घेऊन गेली. डॉक्टरांनी गेणबांच्या पायाच्या बोटांवरची चादर काढली. बोटं सुजलेली, काळपट निळी, आणि गार. मी सुद्धा हात लावून बघितला. नळाच्या पाण्यासारखी गार.

चादर मीच घातली होती. सकाळी. थंडी वाजेल म्हणून.

डॉक्टरांनी तिथल्या तिथे प्लास्टर उभं चिरलं. त्यांच्या हातात कात्री मी दिली की सिंधूनं, आठवत नाही. प्लास्टर उघडल्यावर गेणबा पहिल्यांदा ओरडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. डॉक्टर म्हणाले, ओरडा आबा, ओरडा, ओरडताय हेच चांगलं आहे. मग सगळे पायाकडे बघत उभे.  बऱ्याच वेळानं अंगठ्याला थोडा रंग आला.

२५ जानेवारी

पाय वाचला. करंगळीचं अजून नक्की नाही.

मी स्वतः दुपारी बघणारच होते. राउंडच्या आधी मी नेहमी बघते. सिंधूनं थोडी घाई केली इतकंच. आणि ज्या वॉर्डात नवी नर्स एवढी तयार होते, त्याचं श्रेय कुणाला? तिला कणखर कुणी केलं?

२६ जानेवारी

झेंडावंदन. उभी होते. जनगणमन संपलं, सगळे बसले, मी उभीच होते. भैरूनं हात धरून बसवलं. म्हणाला, शिस्टरबाई, संपलं.

२८ जानेवारी

डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्ची पुढे केली. म्हणाले, पाय गेला असता. मी म्हटलं, माझ्या वॉर्डात असं होत नाही. ते म्हणाले, झालंय, सिस्टर. मग म्हणाले, आता मी तुम्हाला जाता का असं विचारत नाही, जा म्हणून सांगतोय. चार्ज सिंधूकडे द्या.

मी म्हटलं, ती रडते. डॉक्टर म्हणाले, हो, रडते आणि मग जाऊन बघते.

३० जानेवारी

चार्ज देणं म्हणजे काही गंमत नाही. निदान आठवडा लागेल.

७ फेब्रुवारी

आज चार्ज दिला. सिंधूला सगळं आधीच माहीत होतं. किल्ल्या तेवढ्या द्यायच्या होत्या.

गेणबांकडे गेले. म्हणायचं बरंच ठरवलं होतं. पाय सुजला तर काय होतं, प्लास्टरचे नियम, वगैरे. ते म्हणाले, जाताय जनू? मी म्हटलं, हो, ईद आहे म्हणून. त्यांनी पाय दाखवला. करंगळी राहिली आहे. हलवून दाखवली. मी म्हटलं, आबा.  ते म्हणाले, या जाऊन. मी कुठं पळतोय. रतनबाईनं बसायला जागा केली होती. मी बसले नाही. बसले असते तर बस चुकली असती.

बस उद्याची आहे.

९ फेब्रुवारी, शिरूर

काल न्हावऱ्याला बस पंक्चर झाली, तरी पोचले. अम्मी दारातच होती. मला बघितलं आणि माझ्या हातातली ट्रंक घेतली. धाकटी बहीण शहजादी शेजारच्याच घरात दिलेली, ती धावत आली आणि म्हणाली, आपा, तू आजारी होतीस का? मी म्हटलं, डॉक्टरांनी आग्रह केला म्हणून आले. तिकडे तर माझ्याशिवाय हाल आहेत.

इथे रिकामं बसायचं नाही. योजना ठरवली आहे. मोहल्ल्यातल्या बायकांना प्रथमोपचार शिकवायचे. ईदच्या दुसऱ्या दिवसापासून वर्ग. आपल्या अनुभवाचा समाजाला फायदा झाला पाहिजे.

११ फेब्रुवारी

शहजादीनं घरोघरी सांगितलं. बायका तयार आहेत. पहिला धडा, रक्त थांबवणं. सोपा आणि परिणामकारक. मी झोपेतही घेऊ शकते. झोप तेवढी येत नाही.

१४ फेब्रुवारी

संध्याकाळी चाँद दिसला. उद्या ईद. मोहल्ल्यात गडबड. शहजादी आमच्याकडे खीरखुर्म्याची तयारी करत होती. विळीवर सुकं खोबरं कापत होती, बोलत होती, आणि बोट कापलं. डाव्या हाताचं, पहिलं. बरंच खोल. रक्त खोबऱ्यावर पडलं. ती हसत म्हणाली, घ्या, आपाच्या वर्गाला पेशंट मिळाला. आणि बोट माझ्यापुढे केलं.

पट्टी माझ्या ट्रंकेत होती. दोन पावलांवर. मला उठता येईना.

उठता येईना म्हणजे पाय होते, दिसत होते, उठत नव्हते. मी बोटाकडे बघत होते. शहजादी म्हणाली, आपा? अम्मी म्हणाली, मदिना, बघतेस काय? मला सगळं ऐकू येत होतं. मी उठले ती मागच्या दारानं बाहेर गेले आणि परसात न्हाणीच्या भिंतीला टेकून उभी राहिले. आतून बायकांचा आवाज येत होता. शेजारच्या बानूचाचीनं फडकं फाडून बांधलं. हळद भरली असणार. हळद भरू नये, हे मी पहिल्याच धड्यात सांगणार होते.

आणि तिथे, भिंतीला टेकून, जालिंदर काय म्हणाला ते आठवलं. आई नव्हता म्हणाला. तो म्हणत होता, बाई, तुम्ही ऐकताय ना? बाई, ऐकताय ना?

१५ फेब्रुवारी, ईद

झोप लागली. कधी लागली कळलं नाही. नमाज पढून लोक आले, गळाभेटी झाल्या, पोरं ईदी घेऊन गेली, यातलं मला काही माहीत नाही. अम्मीनं कुणाला उठवू दिलं नाही. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती आणि उशाशी वाटीत खीरखुर्मा झाकून ठेवलेला होता.

शहजादी बोटाला फडकं बांधलेली येऊन बसली. म्हणाली, बायकांना सांगितलंय, वर्ग नाही म्हणून. कुणी काही विचारलं नाही, आपा. मी म्हटलं, बरं.

अम्मीनं विचारलं, दौंडला परत कधी जायचंय? मी सोमवार म्हणणार होते. तोंड उघडलं आणि म्हटलं, माहीत नाही, अम्मी. ती म्हणाली, बरं, पाणी तापलंय, आंघोळ करून घे. मी हो म्हटलं आणि तशीच बसून राहिले. दोघींनी माझ्याकडे बघितलं. मग अम्मी माझ्या मागे येऊन बसली आणि माझी वेणी सोडायला लागली. केसांत फार गुंता होता. ती एकेक बट सोडवत होती. मी बसून राहिले.